पेट्रोलची प्रत आणि घरची काटकसर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला काटकसरीवर बोलायला सांगितले. स्वयंपाकघरातली काटकसर मी तुम्हांला काय शिकवणार! म्हणून पेट्रोलचा विषय घेतला आहे. इथे अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही, आणि आपल्यापैकी कित्येकींना व्हिसामुळे नोकरीची परवानगी नसते. एकाच पगारात घरभाडे, मुलांचा खर्च आणि गावी पाठवायचे पैसे बसवायचे, तर टाकीमागे वाचणारे दोन-तीन डॉलरही मोलाचे असतात.

पंपावर पिवळ्या चिठ्ठीवर बहुधा ८७, ८९ आणि ९१ किंवा ९३ असे आकडे असतात. ते ताकदीचे आकडे नव्हेत. इंजिनात पेट्रोल आपोआप, भलत्या वेळी पेटले की ठकठक होते. ती ठकठक पेट्रोल किती टाळू शकते, एवढेच हा ऑक्टेनचा आकडा सांगतो. तेव्हा महाग ते चांगले, ही समजूत इथे खोटी ठरते. ८७ पुरणाऱ्या गाडीला ९३ पाजून काहीही लाभ नाही. एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१६ साली तपासणी करून हेच सांगितले. अशा गाड्यांत महाग पेट्रोल घालून लोकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वाया घालवली, असा तिचा अंदाज होता.

आता मधल्या ८९ ची गोष्ट. पुष्कळ पंपांखाली टाक्या दोनच असतात, हलक्या प्रतीची आणि भारी प्रतीची. मधली प्रत पंपातच दोन्ही मिसळून तयार होते. म्हणजे ती दुकानातली तयार भाजणीच म्हणा ना! गाडीच्या पुस्तकात ८९ सांगितले असेल, तर हे मिश्रण आपल्यालाही करता येते. १५ गॅलनांच्या टाकीत १० गॅलन ८७ आणि ५ गॅलन ९३ घातले, की सरासरी ८९ येते. भारी प्रत ९१ ची असेल, तर निम्मे-निम्मे घ्यावे.

मात्र आधी दर पाहावेत. समजा, ८७ चा दर ३ डॉलर, ८९ चा ३.६० आणि ९३ चा ४.२० आहे. तयार ८९ ची टाकी ५४ डॉलरांना पडेल, घरच्या मिश्रणाची ५१ ला. पण ८९ चा दर ३.४० किंवा त्याहून कमी असेल, तर खटाटोप व्यर्थ. शिवाय नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचे थोडे पेट्रोल उरलेले असते, म्हणून एकेक गॅलन घेत बसू नये.

ज्या गाडीला भारी प्रत 'आवश्यक' असे लिहिले आहे, तिच्यात मिश्रण करू नये. नवी इंजिने ठकठक ओळखून स्वतःला सावरतात, पण त्यात जोर आणि मायलेज दोन्ही घटतात. नुसती 'शिफारस' असेल, तर हलकी प्रतही चालते; जोर थोडा कमी पडेल, इतकेच. आणि ई-८५ नावाचे इथेनॉलचे इंधन, त्यासाठी मुद्दाम बनवलेली गाडी नसेल, तर मिसळूच नये.

तेव्हा भगिनींनो, आज घरी गेल्यावर गाडीच्या खणातले ते पुस्तक काढा आणि आपल्या गाडीचा आकडा वहीत टिपून ठेवा. बहुतेकींना तिथे ८७ च सापडेल, आणि मग मिसळण्याची गरजच उरणार नाही. इतके सांगून मी आपली रजा घेते.