रात्रपाळीतलं बोलणं



थोड्या वेळापूर्वी तुम्ही नव्या नर्सिंग पदवीधरांनी हातात दिवा धरून शपथ घेतलीत. कुणी अडखळलं नाही, शब्द न् शब्द पाठ होता. अभिनंदन. मला मात्र बोलायचं आहे ते पाठ न केलेल्या बोलण्याबद्दल.

मनात जे भरलेलं असतं तेच तोंडावाटे बाहेर पडतं, हे प्रभू येशूचं म्हणणं आपण चॅपेलमध्ये शेकडो वेळा ऐकतो. ते तो कुठे आणि कुणाला म्हणाला, याकडे आपलं लक्ष जात नाही. मत्तयाच्या १२व्या अध्यायात त्याच्याकडे एक माणूस आणला जातो, आंधळा आणि मुका. तो बरा होतो. बघू लागतो, बोलू लागतो. ज्याला वाचा नव्हती त्याला वाचा मिळाली, आणि ज्यांना शास्त्र तोंडपाठ होतं त्या परूश्यांच्या तोंडून काय निघालं? हा भुतं काढतो ती भुतांच्या सरदाराच्या जोरावर. एक माणूस बरा झाला याचा आनंद त्यांच्या बोलण्यात कुठेच नाही. येशू बोलला तो या शिकलेल्या मंडळींना, म्हणून पदवीच्या दिवशी ते आपण आधी स्वतःला लावून पाहावं. लगेच पुढे तो असंही सांगतो की न्यायाच्या दिवशी हिशेब द्यावा लागेल तो सहज, उगाच बोलून गेलेल्या शब्दांचा. भाषणांचा उल्लेख नाही. पाहुण्या वक्त्याला तेवढाच दिलासा.

राऊंडच्या वेळी, डॉक्टर आणि मेट्रन समोर असताना, सगळेच गोड बोलतात. पहाटे तीनला एकीकडे सलाईन संपत आलेलं असतं आणि दुसरीकडून चौथ्यांदा ‘सिस्टर, सिस्टर’ अशी हाक येते, तेव्हा जे निघतं ते आपलं असतं. ‘नऊ नंबरला आता काय झालं?’ ‘ते हर्निया झोपलं का?’ यात दुष्टावा नसतो, सवय असते. पण सवय म्हणजे तरी काय, रोज थोडं थोडं आत साचलेलंच ना?

आणि लेबर रूम. कळा सोसणाऱ्या बाईला तिथे काय काय ऐकवलं जातं ते मी या सभागृहात उच्चारू शकत नाही. पोस्टिंगला असताना तुमच्या कानावर ते आलेलं आहे. हा आपल्याच भागाचा दोष नाही. बाळंतपणात होणाऱ्या अपमानाविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये निवेदन काढावं लागलं. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला, त्यातही बाईला सन्मानाने वागवा हे लिहून सांगावं लागलं. बरं, जी कधीच कुणाला टाकून बोलत नाही, तीही इथे सापडते. मुलगा झाला की तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत जातो आणि मुलगी झाली की पट्टी खाली येते. बाहेर उभ्या असलेल्या सासूला बातमी शब्दांआधीच कळते. त्या सिस्टरच्या घरी भिंतीवर बायबलचं वचन फ्रेम करून लावलेलं असेलही.

तुम्ही म्हणाल, चाळीस पेशंटना एक नर्स असेल तर काय होणार? तक्रार खरी आहे, आणि ती ज्यांनी ऐकायला हवी त्यांतले काही जण पहिल्याच रांगेत बसले आहेत. थकव्याने आवाज चढतो, शब्द तोकडे होतात. तिरस्कार मात्र थकव्यातून येत नाही. त्याच वॉर्डात तितकीच दमलेली दुसरी सिस्टर ‘आले हो आजी’ एवढंच म्हणते, कधीकधी वैतागूनच म्हणते, आणि म्हातारीला धीर येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्याकडे म्हणतात. थकवा फक्त पोहरा खोल सोडतो.

आता यावर उपाय म्हणून संवादकौशल्याचे वर्ग निघाले आहेत. त्यांचा थोडाफार उपयोग होतही असेल, पण गोड बोलणं म्हणजे चांगलं बोलणं नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये शुश्रूषेवर लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात एक आख्खं प्रकरण पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर आहे. ‘काही होत नाही हो, ठणठणीत व्हाल’ असं म्हणणारा स्वतःची सुटका करून घेतो, रुग्ण आणखी एकटा पडतो. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र निदान सुरुवातीला तरी शहाणे होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. त्यांचं धर्मज्ञान पक्कं होतं, भाषा भारदस्त होती, आणि फोडांनी भरलेल्या त्या माणसापेक्षा आपलं म्हणणं खरं ठरण्याची त्यांना जास्त काळजी होती.

मग आतलं बदलतं कसं? मला येशूच्या शिष्याची, पेत्राची आठवण होते. येशूला धरून नेलं ती थंडीची रात्र, महायाजकाच्या वाड्याचं अंगण, पेटवलेला विस्तव. लोक त्याला म्हणाले, तू त्यांच्यातलाच, तुझ्या बोलीवरूनच कळतंय. बोलीने प्रांत सांगितला; पुढच्याच क्षणी शपथा वाहत त्याने येशूची ओळख नाकारली आणि त्या बोलण्याने त्याची भीती सांगितली. काही तासांपूर्वी हाच माणूस, मरण आलं तरी तुला नाकारणार नाही, असं म्हणत होता. ते खोटं होतं असं मला वाटत नाही. दोन्ही बोलणी त्याच्याच मनातली. माणसाचं मन एकजिनसी नसतं.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, येशू त्याला तिबिर्य सरोवराच्या काठी भेटतो. तिथेही कोळशांचा विस्तव आहे. येशू त्या रात्रीच्या शब्दांचा खुलासा मागत नाही, यापुढे तोंड सांभाळ अशी तंबीही देत नाही. तीनदा विचारतो ते प्रेमाबद्दल, आणि दर उत्तराला लागून काम सोपवतो: मेंढरं चार, मेंढरं सांभाळ. जिभेचं दुखणं होतं, पण त्याने जिभेला हात लावला नाही.

तेव्हा उद्यापासून गोड बोलेन असा संकल्प करून कामावर जाऊ नका. तो पहिल्या रात्रपाळीलाच मोडतो. त्याऐवजी हँडओव्हर घेताना रजिस्टरमधल्या प्रत्येक नावासाठी अर्धं मिनिट प्रार्थना करा, नाव घेऊन. ज्याच्यासाठी संध्याकाळी देवाजवळ मागितलं, त्याला पहाटे ‘नऊ नंबर’ म्हणणं जड जातं. तुमच्यात हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, मुळीच प्रार्थना न करणारेही असतील. त्यांनी नाव वाचावं, गाव विचारावं, घरी कोण कोण आहे ते विचारावं. चाळीस नावांना अर्धं अर्धं मिनिट म्हणजे ड्युटीवर वीस मिनिटं आधी यावं लागेल. मेट्रनबाईंची हरकत नाही, मी विचारून ठेवलं आहे.