कलमाखालचा खुंट

(आकाशवाणीवरील भाषण)



मला विषय दिलाय 'आपल्या किनाऱ्यावरचे मिशनरी', आणि वेळ दिलाय दहा मिनिटं. बागमांडल्याची फेरीबोट सुटताना आपण सामान चढवतो ना, तसं होणार हे. काही वर येईल, काही धक्क्यावरच राहील. म्हणून आधीच सांगतो, मला यातली एकच गोष्ट बोलायची आहे. ती मी दोनदा बोलेन, तीनदा बोलेन. चाळीस वर्षं मास्तरकी केली, सवय जात नाही. गोष्ट अशी, की या साहेबांना मराठी कोणी शिकवलं? त्या पंतोजीचं नाव काय?

आमच्या वाडीत हापूसची कलमं आहेत. वडिलांनी बांधलेली. पूर्वी भेटकलम करायचे. रायवळीचा बाठा रुजवून रोप कुंडीत वाढवायचं, ती कुंडी थेट हापूसच्या झाडापाशी न्यायची, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांना एकमेकांना टेकवायचं आणि बांधून ठेवायचं. सांधा जुळला की फांदी सांध्याखाली झाडापासून तोडायची, रोपाचा शेंडा सांध्यावर छाटायचा. झालं कलम. आता गंमत बघा. वाडीत पाहुणा आला की झाडाकडे बघून विचारतो, "हापूस का?" आम्ही म्हणतो, "हापूस." खालचा खुंट कुठल्या रायवळीचा, बाठा कोणाच्या परसातला, हे आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. पाणी तोच ओढतो, वादळात झाड तोच धरून ठेवतो. नाव मात्र वरच्याचं.

हा खुंट लक्षात ठेवा, मी परत येतो.

बागमांडल्याच्या धक्क्यावरून सावित्रीपलीकडे बघितलंत की बाणकोट दिसतं. तिथे १८२३ साली स्कॉटलंडच्या मिशनची माणसं उतरली. अमेरिकेच्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याआधी दहा वर्षं, १८१३ मध्ये, मुंबईत आले होते. १८२०च्या दशकात त्यांच्या मराठी शाळा खाडी ओलांडून आपल्याकडे, अलिबाग आणि चौल-रेवदंड्यापर्यंत पोचल्या. आणि १८२९च्या फेब्रुवारीत मुंबईला आले जॉन विल्सन. विल्सन कॉलेजचे विल्सन ते हेच. वय चोवीस, बरोबर पत्नी मार्गारेट. मराठी शिकायला ते गेले हर्णैला, आणि वर्ष संपायच्या आत मराठीतून प्रवचन करू लागले.

वर्षाच्या आत! चरित्रकार इथे विल्सनसाहेबांच्या बुद्धीचं कौतुक करून पुढे जातात. मी मास्तर, मला दुसराच माणूस दिसतो. समोर बैठक मारून बसलेला, डोक्याला पागोटं, हातात बोरू. त्या पंतोजीला काय काय शिकवावं लागलं असेल? स्कॉटलंडच्या माणसाच्या जिभेला 'ळ' लावायचा. केळं, नारळ, मासळी, होळी. नारळ 'तो' का, सुपारी 'ती' का आणि केळं 'ते' का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण या सगळ्यापेक्षा अवघड म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आता प्रवचनकारानं उभं राहून सांगितलं, "आम्ही सगळे पापी आहोत," तर समोरचे कोळी, आगरी, भंडारी माना डोलावून म्हणणार, "असाल बाबा, आम्हांला काय त्याचं?" म्हणायला हवं 'आपण'. आणि तोच माणूस प्रार्थनेला बसला की 'आपण' चालत नाही. देवाला 'आपल्या बापा' अशी हाक मारली तर देवाचाही बाप काढल्यासारखं होतं. तिथे 'आमच्या'च पाहिजे. हा फरक ज्यानं विल्सनसाहेबांना समजावला, त्यानं व्याकरणाइतकंच धर्मशास्त्रही शिकवलं, नाही का?

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी ओजिब्वे म्हणून लोक आहेत. त्यांच्या भाषेतही 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. नीनाविंद म्हणजे आम्ही, गीनाविंद म्हणजे आपण. विल्सन हर्णैला धुळाक्षरं गिरवत होते त्याच सुमारास तिकडे जेम्स इव्हान्स नावाचे मेथडिस्ट पंथाचे मास्तर राइस लेकच्या काठी ओजिब्वे मुलांची शाळा चालवत होते. पुढे ते पाद्री झाले, आणखी उत्तरेला नॉर्वे हाउसला गेले आणि तिथे १८४० मध्ये त्यांनी क्री लोकांच्या भाषेसाठी नवी लिपीच केली. ओजिब्वे आणि क्री या बहिणी-बहिणी भाषा. लिपी इतकी सोपी, की मी आत्ता रेडिओवरून शिकवतो. दोन बोटांनी बिनबुडाचा त्रिकोण करा. टोक वर, तर 'पी'. टोक खाली, 'पे'. टोक उजवीकडे, 'पो'. डावीकडे, 'पा'. व्यंजन तेच, दिशा बदलली की स्वर बदलला. मंडळी, ही तर बाराखडी! अभ्यासकांना त्या लिपीमागे शॉर्टहँडबरोबर आपल्या देवनागरीचाही हात दिसतो. खिळे पाडायला शिसं नव्हतं, तर चहाच्या पेट्यांना आतून लावलेला शिशाचा पत्रा वितळवला. शाई काजळी आणि माशाच्या तेलाची. कागद संपला, तर भूर्जाच्या सालीवर छापलं. सालीवर लिहिणं आपल्याला नवं नाही म्हणा, पण चहाच्या पेटीची कल्पना नामी.

पण माझा मुद्दा लिपीचा नाही. मुद्दा तोच, पंतोजीचा. तिकडे एक ओजिब्वे मुलगा होता, शावाहनेगीझिक. मिशनमध्ये वाढला, त्याचं नाव हेन्री स्टाइनहावर ठेवलं. नॉर्वे हाउसला जॉन सिंक्लेअर नावाच्या सहकाऱ्याबरोबर बसून त्यानं बायबलच्या क्री भाषांतराचं काम वर्षानुवर्षं उपसलं. १८६०च्या आसपास लंडनला पुस्तक छापलं गेलं, ते पाद्री विल्यम मेसन यांच्या नावावर. वरचा हापूस, खालचा रायवळ. आलं ना लक्षात?

आपल्याकडेही तेच. मराठी-इंग्रजी कोश म्हटला की आपण काय म्हणतो? मोल्सवर्थ. घरात प्रत असो नसो, नाव तोंडावर. पण १८३१चा तो कोश बाहेर पडण्याआधी, १८२९ मध्ये, शास्त्र्यांनी रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापला गेला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि मंडळी. किती जणांना ठाऊक आहेत ही नावं? मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिला मराठी भाषेवर टिपण लिहिलं ते विल्सनसाहेबांनीच. ज्याला नारळाचं लिंग विचारावं लागलं होतं, तो अठ्ठावीस वर्षांनी कोशाला टिपण लिहितोय. शाबास! साहेबांना शाबास, आणि त्या पंतोजीला दुप्पट शाबास. या साहेबलोकांच्या पत्रांत तो येतो 'माझा पंडित', 'माझा मुन्शी' असा. कोणाच्या घरी वीस वर्षं काम केलेल्या गड्याला आपण नुसतं 'गडी' म्हणावं, तसं.

मला कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही पाद्र्यांची बाजू घेता. अजिबात नाही. विल्सन आपल्या देवाधर्माबद्दल काय काय लिहून गेलेत ते मी वाचलंय, आणि मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी वाद घालून छापील उत्तर दिलं होतं, तेही माहीत आहे. तो वाद आज काढायचा तर दहा मिनिटं नाही, दहा आठवडे लागतील.

आता परत कलमाकडे. कलम बांधलेल्यांना माहीत आहे, पावसाळा झाला की सांध्याच्या खालून खुंटाला फुटवे येतात. ते वेळच्या वेळी खुडावे लागतात. दुर्लक्ष झालं, की फुटवा वरच्या फांदीला मागे टाकतो आणि पाच-सात वर्षांनी 'हापूस'च्या झाडाला रायवळ लागतात. आपल्या किनाऱ्यावर नेमकं हेच झालं.

आपले शनवारतेली. बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, ही कथा अलिबाग तालुक्यात वेगळी सांगायला नको. एके काळी त्यांना हिब्रू येत नव्हतं, शेमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. मिशनच्या शाळा निघाल्या तेव्हा त्यांची मुलं शाळेत आली, आणि नुसती मुलंच नाहीत, त्या शाळांत मास्तर म्हणूनही बेने इस्रायली उभे राहिले. विल्सनसाहेबांना वाटलं, या लोकांना हिब्रू शिकवलं तर जुना करार वाचतील, आणि मग नव्या कराराकडे येतील. म्हणून १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण लिहिलं, तेही मराठीतून. कल्पना करा, रेवदंड्याच्या पोराच्या हातात मराठीतलं हिब्रू व्याकरण! इंग्रजीच्या पुलावरून जायची गरजच नाही.

पोरं शिकली. जुना करार वाचला. आणि तिथेच थांबली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीच्यांनी त्या हिब्रूनं आपलंच घर शाकारलं. कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांचीही त्याला मोठी मदत झाली, ते विसरून चालणार नाही. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोत सिनेगॉग मूळ १८४८चं, आजची वास्तू १९१०ची. मुरूडजवळच्या राजपुरीचं नाव लावणारे जोसेफ इझिकिएल राजपूरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले, प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. किहीमचे हाईम सॅम्युएल केहिमकर. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहून काढला. १८९७ला लिहून झालेलं पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू-मराठी हगादा निघाली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. तिच्यात चित्रं आहेत, लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराच्या पोळ्या करतायत. ते चित्र मिळालं तर जरूर बघा. पोळपाट आपला, बसण्याची तऱ्हा आपली, सण मिसर देशातून सुटल्याचा. पुढे तर बायबलातल्या आख्यानांवर मराठी कीर्तनंही होऊ लागली. आता सांगा, हा फुटवा कुठून आला? वरून की खालून?

कलम बांधणाऱ्याच्या हिशेबानं हे झाड फुकट गेलं. पण रायवळ काय वाईट असतो? लोणच्याला कोण हापूस घालतो? असो, दाखला ताणला की तुटतो असं आमचे हेडमास्तर म्हणायचे.

छापखान्याचंही असंच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली अक्षरांचे खिळे करायला शिकलेले जावजी दादाजी, त्यांनी पुढे निर्णयसागर काढला आणि त्यातून वेद, पुराणं, काव्यं, सगळं...

काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं. मग निर्णयसागर राहिलं. कातोड्यांचंही राहिलं, विल्सननी उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोड्यांवर १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता, तोही कोणीतरी खैराचा कात उकळता उकळता साहेबाच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणूनच. तोही पंतोजीच. पाटी-बोरू नसलेला.

उरलेल्या मिनिटात कामाचं सांगतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड, श्रीवर्धन, जिथे जिथे हे ऐकू जातंय तिथल्या जुन्या घरांच्या माळ्यावर ट्रंका आहेत. त्यात शिळाप्रेसची पुस्तकं असतील, मिशनच्या शाळेची क्रमिकं असतील, शेजारचं बेने इस्रायली कुटुंब इस्रायलला जाताना विश्वासानं ठेवून गेलेली प्रार्थनेची पोथी असेल. अशी एक पोथी मी माझ्या डोळ्यांसमोर रद्दीच्या तराजूत गेलेली पाहिली आहे, उशीर झाला होता. पुस्तक सापडलं की मुखपृष्ठ बघू नका, ते साहेबाचं असतं. आतला कोरा कागद बघा, मागचा पुठ्ठा बघा. तिथे बोरूनं कोणीतरी आपलं नाव घातलेलं असतं, गावाचं नाव, शाळेचं नाव, कधी मास्तरांचंही. ते नाव एका कागदावर उतरवून घ्या आणि गावच्या वाचनालयात नेऊन द्या. घरात वाचता येत नसेल तर मोडी येणारा माणूस गाठा, अजून आहेत थोडे.

पावसाआधी घर झाडायला काढता ना, तेव्हाच करा. रद्दीवाला त्याच आठवड्यात येतो.