गाडीच्या पाण्याची वही



आमच्या गटाकडे एक जुनी ओम्नी आहे. ही गाडी कंपनीने 2019 साली बनवायची बंद केली, पण आपल्याकडे अजून दिसते. मसाला, सोडे, पोह्याचे पापड आणि हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन ती चौलहून अलिबागला जाते. प्रदर्शन असलं की पेणलाही जाते.

गेल्या उन्हाळ्यात पेणला जाताना कार्ले खिंडीच्या चढावर तिचा टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. मागे माल, आत आम्ही पाच जणी. मेकॅनिक म्हणाला, रेडिएटर बदला. आम्ही ठराव करून बदलला. आठ दिवसांत काटा पुन्हा वर! रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला, तसं झालं. त्या खर्चामुळे एका ताईचं मुलीच्या फीसाठीचं कर्ज महिनाभर पुढे ढकलावं लागलं. त्या बैठकीत कुणी चहासुद्धा घेतला नाही.

मग आम्ही ठरवलं, पैशाची वही ठेवतो तशी गाडीच्या पाण्याची ठेवायची. रोज सकाळी, इंजिन गार असताना, किती पाणी घालावं लागलं ते लिहायचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरायचा. दहा दिवस लिहिलं. गाडी फिरली त्या प्रत्येक दिवशी जवळजवळ अर्धा लिटर पाणी कमी, आणि पुठ्ठा मात्र कोरडा. पाणी बाहेर पडत नाही, मग जातं कुठे?

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, वर हेड. दोघांच्या मध्ये एक पातळ पत्र्यासारखं सील असतं, तेच हेड गॅसकेट. आपल्या कुकरच्या रिंगसारखं समजा. ते आतली आग, पाणी आणि ऑइल तिन्ही वेगळं ठेवतं. ते फाटलं की पाणी आगीत शिरतं किंवा ऑइलमध्ये मिसळतं, नाहीतर आगीचा वायू पाण्यात घुसतो.

त्याच्या खुणा घरबसल्या बघता येतात. इंजिन चांगलं तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो. सकाळी सुरू करताना गाडी थोडा वेळ थडथडते. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक होतो. पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येतात.

ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला की सगळे घाबरतात. आम्हीही घाबरलो. पण आपल्या दमट हवेत, गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर नुसत्या वाफेनेही असा थर धरतो. म्हणून ऑइलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर गाडी जागची हलवू नका. आमची पट्टी स्वच्छ होती.

आणि नुसता काटा वर गेला म्हणजे गॅसकेटच गेलं, असंही नाही. पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटरचं झाकण, यांतलं काहीही बिघडलेलं असू शकतं.

आम्ही वही घेऊन दुसऱ्या गॅरेजला गेलो आणि म्हटलं, इंजिन खोलण्याआधी तपासणी करा. तिथल्या मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी लावली. रेडिएटरमधून इंजिनाचा जळका वायू येत असेल तर ते पाणी पिवळं होतं. आमचं झालं. मग कॉम्प्रेशन मोजलं, तीनपैकी एका सिलिंडरचं कमी भरलं. खात्री पटली तेव्हाच हेड उतरवलं. ते वाकलंय का, हेही सरळ पट्टी लावून बघितलं. थोडंसं वाकलं होतं, घासून सपाट करता आलं. आणखी महिनाभर तसंच दामटलं असतं तर तडा गेला असता, असं मिस्त्री म्हणाले.

खर्च झालाच. पण या वेळी कशासाठी होतोय ते आम्हाला माहीत होतं. ताईचं कर्जही त्याच महिन्यात दिलं.

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. बोअरचं खारट पाणी घालू नका, कूलंट वापरा. आणि मेकॅनिकने मोठं काम सांगितलं तर विचारा, "दादा, हे कशावरून?"

गाडीची वही आम्ही अजून लिहितो. आता त्या रकान्यात बहुतेक दिवस शून्य असतं.