माझं मत रत्नागिरीत की पुण्यात?

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे. म्हणजे विषय निवडणुकीचा, पण भांडण माझ्या घरातलं.

झालं असं. मी मूळचा रत्नागिरीचा, इंजिनीअरिंग झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, पुण्यात. माझं नाव मात्र अजून रत्नागिरीच्या मतदार यादीत. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री स्वारगेटहून एसटी पकडली, सकाळी घरी पोचलो, मत दिलं, आईच्या हातची आमटी-भात खाल्ला, रात्री परत. मस्त वाटलं. पण परतीच्या प्रवासात शेजारच्या काकांनी विचारलं, "तुझ्या वॉर्डात पाणी कधी येतं रे?" मला सांगता येईना. ना रत्नागिरीच्या वॉर्डाचं, ना पुण्याच्या.

तेव्हा ठरवलं, आधी हा मतदारसंघ नीट समजून घेऊ. सवयीप्रमाणे एक शीट उघडली आणि निकाल भरत गेलो.

पहिली गंमत, १९५२. तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. उत्तरेतून काँग्रेसचे जगन्नाथराव भोसले निवडून आले. हे कोण? तर नेताजींच्या आझाद हिंद फौजेतले मोठे अधिकारी. मग १९५७. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. देशभरात जनसंघाच्या फक्त चार जागा आल्या, एक अटलबिहारी वाजपेयींची बलरामपूरची, आणि चारातली एक आपली रत्नागिरी! प्रेमजीभाई आशर. पुढे १९६२ आणि १९६७ ला खासदार कोण? शारदा मुखर्जी. कोकणात मुखर्जी आडनाव! माहेर मराठी, आणि नवरा म्हणजे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी. म्हणजे "आमचा माणूस, आमचं गाव" हे जे आपण आज इतकं घट्ट धरून बसतो, ते साठ वर्षांपूर्वी आपल्या आजी-आजोबांनी तितकं धरलेलं दिसत नाही.

१९७७ ला जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर आले, आणि १९८० ला देशात इंदिरा गांधी परत आल्या तरी रत्नागिरीने परुळेकरांनाच ठेवलं. १९८४ ला काँग्रेसचे हुसेन दलवाई, मग दोनदा गोविंदराव निकम, आणि १९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे अनंत गीते.

शेजारी राजापूर मतदारसंघ होता, त्याची तऱ्हा वेगळी. १९५७ पासून तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै. ते जानेवारी १९७१ मध्ये गेले. त्यानंतर मधु दंडवते, सलग पाच वेळा. १९८४ च्या काँग्रेस लाटेत भलेभले वाहून गेले, तेव्हासुद्धा दंडवते टिकले. १९९१ ला मात्र ती साखळी तुटली. १९९६ पासून चार वेळा सुरेश प्रभू.

आता ट्विस्ट. २००८ च्या फेररचनेत हे दोन्ही मतदारसंघ नकाशावरून गेले. नवीन आला तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशा सहा विधानसभा. गुहागर आणि दापोली रत्नागिरी जिल्ह्यातच, पण ते लोकसभेला रायगडसाठी मत देतात! गीतेसुद्धा २००९ ला रायगडमधून उभे राहिले. म्हणजे माणूस जागचा हलला नाही, घर हललं नाही, पण मतदारसंघ पायाखालून सरकला.

नव्या मतदारसंघात २००९ ला नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला विनायक राऊत, २०२४ ला नारायण राणे, फरक ४७,८५८ मतांचा. आणि इथे मी शीटवर थांबलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभांत राऊत पुढे, सिंधुदुर्गातल्या तिन्हीत राणे पुढे. मतदारसंघ एक झाला, मतं जिल्ह्याच्या वेशीवर अडली.

आणि ४७,८५८ ला सहाने भागलं तर एका विधानसभेला साधारण आठ हजार. आपले किती चाकरमानी मुंबई-पुण्यात आहेत, विचार करा. मला आधी वाटलं, बघा, म्हणूनच नाव गावात ठेवायला हवं!

मग कायदा वाचला. नाव एकाच मतदारसंघात असू शकतं, आणि ते जिथे तुम्ही "सामान्यतः राहता" तिथे. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तिथले मतदार होता येत नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलंय. थोडे दिवस बाहेर गेलात तर नाव जात नाही. पण सात वर्षं म्हणजे थोडे दिवस नाहीत ना!

आणि मला बारसू आठवलं. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा सड्यावर लोक भर उन्हात बसले होते. मी पुण्यात एसीमध्ये बसून ग्रुपवर तावातावाने मेसेज टाकत होतो. प्रकल्प यावा की न यावा, दोन्ही बाजूंची माणसं तिथे राहणारी आहेत. धूर असो की नोकरी, त्यांच्या वाट्याला येणार. मला मत मांडायचा हक्क आहे, पण त्यांच्या बरोबरीने मत टाकायचा?

बाबांना फोन केला. म्हणाले, "नाव काढलंस तर तू इथला कसा रे?" मला पटकन काही बोलता आलं नाही. आई मागून म्हणाली, "अहो, गणपतीला येतोय ना तो!"

गेल्या रविवारी व्होटर हेल्पलाइन ॲपवर फॉर्म ८ भरला. पत्ता पुण्याचा टाकला. सबमिट दाबताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच शोधून काढलं, माझ्या वॉर्डात पाणी कधी येतं.

बाबा अजून थोडे रागात आहेत. गणपतीत बघू.

तुमचं नाव कुठे आहे? आणि तुम्ही राहता कुठे? एकदा यादी उघडून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!