पितळेची बटणे

सावेडीला आमच्या घरी व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. त्याची दोन बटणे हरवली. तशी बटणे बाजारात मिळेनात. म्हणून आम्ही ती घरीच करायचे ठरवले.

आधी रेडिओची दांडी मोजली. ती भरली पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. पितळेच्या गजाचे दोन तुकडे कापले. मधोमध भोक पाडले. बाजूला आटे पाडून बारीक स्क्रू बसवला. कानशीने कडा गोल केल्या. बटणे सोन्यासारखी चमकू लागली!

ती आम्ही एका जुन्या कारागिराला दाखवली. तो म्हणाला, "बटणं झकास झालीत. पण रेडिओत ट्रान्सफॉर्मर आहे का, ते पाहिलंत?"

आम्ही गप्प!

पूर्वी काही गावांत ए.सी. वीज असे, काही गावांत डी.सी. दोन्हींवर चालणाऱ्या रेडिओत विजेचा ट्रान्सफॉर्मर नसे. त्याच्या आतल्या लोखंडी सांगाड्यात थेट वीज येऊ शकते. दांडी सांगाड्याला लागलेली, अन् बटण दांडीला. मग पितळेच्या बटणाला हात लावला की झटका! तो जिवावरही बेततो.

आमचा रेडिओ तसलाच निघाला. मग आम्ही शिसवी लाकडाची बटणे केली. स्क्रू खोल बसवून त्यावर मेण भरले. कारागिराने तपासले, मगच रेडिओ लावला.

पितळेची बटणे आता फळीवर आहेत. ती पाहिली की आम्हाला त्याचा प्रश्न आठवतो. तुम्हीही जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. पण आधी प्लग काढा, आणि जाणत्याला विचारा.