जागृत ग्राहक हाच खरा निरीक्षक


धान्य, तेल, मीठ यांत भेसळ करणाऱ्यास कौटिल्याने अर्थशास्त्रात बारा पणांचा दंड सांगितला आहे. आजच्या, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अधिकारी दुकानातील नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. परंतु नांदेड जिल्ह्याच्या टोकाशी असलेल्या किनवटच्या वनप्रदेशात प्रत्येक किराणा दुकानी अधिकारी नित्य कसा पोहोचणार? म्हणूनच कलम ४० अन्वये ग्राहकालाही शुल्क भरून अन्नाची तपासणी करवून घेता येते. तसा हेतू मात्र खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावा लागतो. माल सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. प्रामाणिक दुकानदाराला याचे भय नाही, उलट त्याची पत वाढेल. हा अधिकार घराघरांत पोहोचविणे, हे आपले कर्तव्य होय.