अंधाऱ्या खोलीतील उमेदवारी

(मालवण परिसरातील विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘उमेदवारी’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांतच कानी पडतो. परंतु जाणत्याच्या हाताखाली राहून, पडेल ते काम करीत विद्या संपादन करणे, हाही त्याचा जुना आणि मानाचा अर्थ आहे. छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या दुकानात मुले अशीच घडली. कुडाळ किंवा कणकवलीला रात्रीची गाडी पकडून दूरचित्रवाणीच्या दुनियेत शिरण्यासाठी मुंबईला निघणारा सिंधुदुर्गातील तरुण याच अर्थाने उमेदवार असतो. त्याला वाटते, आपण चित्रीकरणाच्या झगमगाटात जाणार. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येते ती अंधेरी-गोरेगावकडची, पडदे ओढलेली, थंडगार खोली. चित्रीकरण संपल्यावरचे सारे संस्कार, म्हणजे संकलन, ध्वनी, संगीत, रंगसंस्करण आणि शीर्षके, अशाच खोल्यांमधून होतात. या कामाला सर्वत्र ‘पोस्ट प्रॉडक्शन’ म्हणतात.

या खोलीची परंपरा मराठी माणसाला परकी नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्या यशामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फितीला कडेची छिद्रे नसत. अंधारात बसून ती पाडणे, फीत रसायनांत धुणे, ही कामे सरस्वतीबाई शिकल्या आणि घरातील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून त्यांनी ती केली. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या उमेदवारांमध्ये एका मराठी गृहिणीचे नाव घ्यावे लागते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, गोव्यातील पोंबुर्फा गावचे. १९३२ साली जन्मलेले वामन भोसले विशीत मुंबईला आले. बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै या संकलकांच्या हाताखाली त्यांनी धडे गिरवले आणि पुढे फिल्मिस्तानमध्ये दीर्घकाळ साहाय्यक म्हणून काम केले. ‘दो रास्ते’, ‘मेरा गाँव मेरा देश’ यांसारख्या चित्रपटांचे संकलन त्यांच्या नावावर आहे. १९७७ च्या ‘इन्कार’ या चित्रपटासाठी त्यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्यांचे निधन झाले. स्वतंत्र संकलक म्हणून नाव होण्याआधी त्यांनी दुसऱ्याच्या टेबलाशेजारी घालवलेली वर्षे तरुणांनी अवश्य मोजावीत.

काम हलके, जबाबदारी भारी

उमेदवाराने खोलीत पाऊल टाकल्यावर त्याला कात्री मिळत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या काळात बातम्यांची फीत खरोखरच कापून जोडावी लागे. पुढे चित्रफितीचा जमाना आला. एका फितीवरून दुसरीवर दृश्ये उतरवताना चित्राचा कस उतरे आणि मधले एक दृश्य बदलायचे तर त्यापुढचे सारे पुन्हा करावे लागे. आता सर्व काही संगणकावर होते. परंतु साधने बदलली तरी उमेदवाराचे पहिले काम तेच राहिले : आलेला माल नीट उतरवून घेणे आणि त्याची वहीत नोंद करणे.

कॅमेऱ्यातील कार्ड आले की त्यातील सामग्रीच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करायच्या. त्या पूर्ण उतरल्या याची खात्री पटेपर्यंत मूळ कार्ड पुसायचे नाही. प्रत्येक तुकड्याला दिनांक, दृश्य, शॉट आणि टेक यांनुसार नाव द्यायचे. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घेतलेले असतील, तर फळी मिटलेली दिसते ती चौकट आणि फळीचा ‘टक्’ ऐकू येतो तो क्षण शोधून दोहोंची सांगड घालायची. आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींनी चालते. जाहिराती वगळून भाग २२ मिनिटांचा धरला, तरी त्याच्या ३३ हजार चौकटी होतात. त्यात आवाज चार-पाच चौकटी मागे पडला, की पात्राचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकत राहते.

हे काम हमालीचे वाटते. पण कलावंतांचा, तंत्रज्ञांचा, प्रकाशयोजना करणाऱ्या कामगारांचा अख्ख्या दिवसाचा घाम त्या बोटाएवढ्या कार्डात असतो आणि तो सर्वांत कमी पगाराच्या मुलाच्या हाती सोपवलेला असतो. झोपेत पेंगणाऱ्या त्या हाताने कार्ड वेळेआधी पुसले, तर गेलेला दिवस कोणीही परत आणू शकत नाही. ज्याला सर्वांत खाली बसवले जाते, त्याच्यावर सर्वांचा विश्वास टाकलेला असतो. हाच या उमेदवारीचा पहिला धडा आहे.

मालवणी कान, मालवणी डोळा

किनारपट्टीतील तरुण या खोलीत रिकाम्या हाताने जात नाही. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ आणि मच्छिंद्र कांबळी यांचा अभिनय यांनी मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१६ साली झी मराठीवर आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’चे चित्रीकरण कुडाळ तालुक्यातील आकेरी गावात झाले. २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ आली. सिंधुदुर्गातील घरे, माड आणि बोली महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात पोहोचली. अशा सामग्रीवर काम करताना बोली न जाणणारा माणूस वाक्य संपले असे समजून दृश्य तोडू शकतो. मालवणी वाक्य मात्र पुष्कळदा शेवटच्या ‘रे’, ‘गे’ किंवा ‘मरे’वर पूर्ण होते. राग आहे की लाड, हे त्या एका अक्षरातच कळते. ते कापले की बोली उरते, पण तिचा जीव जातो. ‘थोडे थांबा, वाक्य अजून संपलेले नाही,’ हे खोलीत सांगू शकणारा मुलगा मालवणचा असू शकतो.

समुद्राचेही तसेच आहे. समजा, मालवणच्या बंदरावर एक संवाद चित्रित होत आहे आणि पाठीमागे सिंधुदुर्ग किल्ला दिसतो आहे. पहिला टेक भरतीच्या वेळी झाला, दुसरा तीन-चार तासांनी. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते. तेवढ्या अवधीत मागचे खडक उघडे पडतात आणि लाटांचा नाद बदलतो. हे दोन टेक शेजारी जोडले, तर एकाच वाक्यात पाणी हटलेले दिसेल. शहरात वाढलेल्या डोळ्याला ते चटकन जाणवेलच असे नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला जाणवेल आणि तो वहीत तशी नोंद करील. म्हणूनच जाणते ध्वनिमुद्रक संवाद संपल्यावर सर्वांना गप्प उभे करून त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करून घेतात. जोडलेल्या दृश्यांखाली तीच गाज अखंड पसरली, की सांधे झाकले जातात.

गुरुकुल की वेठबिगारी?

आता थोडे कटू सत्य. दशावतारात रात्री राजा झालेला नट सकाळी डोक्यावर पेटारा घेऊन पुढच्या गावाची वाट धरीत असे. लिखित संहिता नसलेली ती कला त्याला मंडळातील वडीलधाऱ्यांनी शिकवलेली असे. पेटारा वाहणे आणि विद्या मिळणे या दोन गोष्टी बरोबर चालत. ज्या खोलीत पेटारा तेवढा वाहून घेतला जातो आणि विद्या दिली जात नाही, त्या खोलीला गुरुकुल म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. ‘शिकायला मिळते, मग पैसे कशाला?’ हे वाक्य ज्याच्या वडिलांचे मुंबईत घर आहे, त्यालाच परवडते. मच्छीमाराच्या मुलीला किंवा बागायतदाराकडे राबणाऱ्या गड्याच्या मुलाला ते दार लावून घेते. याचे नुकसान त्या मुलांपुरते राहत नाही. ज्यांच्या कानात बोली आहे, तेच खोलीबाहेर राहतात.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार नोंदणी झालेल्या उमेदवाराला विद्यावेतन मिळण्याचा हक्क आहे. तोंडी बोलीवर ठेवून घेतलेल्या मुलाला हे संरक्षण लाभत नाही. म्हणून पालकांनी लाज न बाळगता चार प्रश्न विचारावेत. शिकवणार कोण? महिन्याला देणार किती? रात्रपाळीनंतर विश्रांती आणि घरी परतण्याची सोय काय? आणि केलेल्या कामाचे श्रेय नामावलीत मिळणार का? ज्याला शिकवायचे आहे, तो या प्रश्नांनी रागावणार नाही. मुलांनीही एक पथ्य पाळावे. पहिले वर्ष वहीचे, हे मनाशी धरावे. संकलक एखादे दृश्य का तोडतो, हे मागे बसून पाहावे, आणि शंका त्याचे काम संपल्यावर विचारावी.

आजचा संगणक आणि आंतरजाल पाहता, एक दिवस ही अंधारी खोली कुडाळात किंवा मालवणातही उभी राहू शकते. ती उभी करण्यासाठी मुंबईत शिकून परतणारे हात लागतील. दर्यावर जाणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी कोणी सुकाणू देत नाही. आधी जाळे नीट घडी घालायला शिकवतात, आणि होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याचा वाटाही त्याच्या हातावर ठेवतात. किनाऱ्याची ही जुनी रीत त्या थंडगार खोलीतही पाळली गेली पाहिजे.